वजन उतरवण्यासाठी गोळी की इंजेक्शन: गुहागरच्या एका ताईंच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

गुहागर तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४७, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ८८ किलो आहे. सात वर्षांपासून मधुमेह असून त्यासाठी त्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात, आणि थायरॉइडसाठी रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळीही चालू आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ८.४ आली आहे. मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या नणंदेचे वजन आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाने बरेच उतरले. ताई विचारतात, ‘मला सुईची फार भीती वाटते. तेच औषध गोळीतही मिळते असे कळले, मग मी गोळी घेतली तर चालेल का? आणि इंजेक्शनच घ्यायचे ठरले, तर आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा ते टिकवायचे कसे?’

ताई, रत्नागिरी जिल्ह्यात मधुमेह आणि स्थूलतेचे रुग्ण मी बरीच वर्षे तपासत आलो आहे, आणि गेल्या काही काळात हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचणे सोपे होईल. गोळी आणि इंजेक्शन यांतली निवड सुईच्या भीतीवरून करू नये. या औषधांपैकी प्रत्येकाची आपली एक अट असते. गोळीची अट रोजच्या सकाळच्या शिस्तीची आहे, इंजेक्शनाची अट थंडाव्याची आणि पैशांची आहे. जी अट आपल्या घरात, आपल्या कामाच्या वेळांत काही महिने नव्हे तर काही वर्षे पाळता येईल, ते औषध आपले. त्याच्याही आधी, ज्या दोन वस्तूंची आपण तुलना करत आहोत त्या खरोखर एकमेकींच्या तोलाच्या आहेत का, हे तपासले पाहिजे. आणि तुमच्या बाबतीत त्या तशा नाहीत.

तुम्हाला औषधाची गरज आहे का, याबद्दल फार लिहावे लागणार नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे किलोंमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३६.६ येतो. भारतीयांच्या शरीरात पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि मधुमेह कमी वजनावरच गाठतो, म्हणून आपल्याकडे २३ पासून पुढे जास्त वजन आणि २५ पासून पुढे स्थूलता धरतात. जागतिक मोजमापाने पाहिले तरी, बीएमआय ३० च्या पुढे असेल, किंवा २७ च्या पुढे असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार सोबत असेल, तर आहार आणि व्यायामाच्या जोडीला औषध द्यावे असे मानले जाते. तुम्ही दोन्ही निकषांत बसता. लग्नसराईपूर्वी चार किलो उतरवण्यासाठी हीच औषधे मागायला येणाऱ्यांना मी परत पाठवतो; तुमची गोष्ट तशी नाही.

आता गोळ्यांकडे वळू, कारण ‘वजनाची गोळी’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. सर्वांत जुनी आणि अजूनही मिळणारी गोळी म्हणजे ऑर्लिस्टॅट. ती भुकेला हात लावत नाही. आतड्यात चरबी पचवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे खाल्लेल्या चरबीपैकी साधारण तीस टक्के चरबी न पचता बाहेर पडते. दिवसातून तीन वेळा, जेवणाबरोबर १२० मिलिग्रॅम, असा तिचा डोस असतो. तिने उतरणारे वजन माफक असते, आणि जेवणात चरबी जास्त असली की तेलकट जुलाब होतात, कधी कपडेही खराब होतात. ओल्या नारळाचे वाटण, नारळाचे दूध घालून केलेली सोलकढी आणि तळलेले मासे ज्या घरात नेहमीचे आहेत, तिथे ही गोळी महिनाभरही टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तिच्यामुळे कमी शोषली जातात, आणि थायरॉक्सिनच्या शोषणातही ती अडथळा आणू शकते, म्हणून त्या दोन गोळ्यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते. तुमच्यासाठी मी ती निवडणार नाही.

दुसऱ्या एका प्रकारच्या गोळ्यांबद्दल मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. भूक मारणारी सिब्युट्रामीन ही गोळी हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवते असे दिसल्यावर २०१० मध्ये अनेक देशांतून काढून घेतली गेली आणि २०११ मध्ये भारतातही तिच्यावर बंदी आली. तरीही ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’, ‘हर्बल स्लिमिंग’ असे लिहिलेल्या कॅप्सूलांमध्ये हेच रसायन लपवून घातल्याचे जगभरातील औषध नियामकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. ओळखीच्या बाईंनी आणून दिलेल्या, पाकिटावर घटक नीट न छापलेल्या पुड्या आणि कॅप्सूल घेऊन छातीत धडधड होते म्हणून येणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. अशी वस्तू घरात असेल, तर ती आजच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

नणंदेचे औषध या दोन्हींपेक्षा निराळे. आपण जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देते. शरीरातले हे संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लूटाइड हे त्याचेच बदललेले रूप जवळपास आठवडाभर रक्तात टिकते, म्हणून आठवड्यातून एक इंजेक्शन पुरते. टर्झेपाटाइड हे त्यानंतरचे औषध जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. यांतले कोणतेही औषध इन्शुलिन नव्हे. ‘इंजेक्शन सुरू झाले म्हणजे साखर शेवटच्या टप्प्याला गेली’ ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे, की केवळ तिच्यापायी चांगले औषध नाकारणारे रुग्ण मला भेटतात.

तुम्ही ऐकलेली गोष्ट खरी आहे. सेमाग्लूटाइड गोळीतही मिळते. भारतात ही गोळी २०२२ पासून आहे आणि ती ३, ७ आणि १४ मिलिग्रॅममध्ये, मधुमेहासाठी मान्य झालेली आहे. परंतु सेमाग्लूटाइड हे प्रथिनांच्या जातीचे रेणू आहे, जे जठरातल्या आम्लात आणि पाचक रसात सहज मोडते. म्हणून गोळीत त्याच्याबरोबर एक वाहक रसायन घातलेले असते, जे जठराच्या भिंतीलगत आम्ल थोडा वेळ शांत करून औषधाला आत शिरायला वाट देते. एवढे करूनही गिळलेल्या औषधाचा जेमतेम एक टक्का, अनेकदा त्याहूनही कमी भाग रक्तात पोचतो. हिशेब पाहा: १४ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतली तर आठवड्याला ९८ मिलिग्रॅम औषध पोटात जाते, तर वजनासाठीच्या इंजेक्शनाचा पूर्ण साप्ताहिक डोस २.४ मिलिग्रॅमचा असतो. आणि तरीही त्या इंजेक्शनाचा वजनावरचा परिणाम १४ मिलिग्रॅमच्या गोळीपेक्षा बराच जास्त आहे.

किती जास्त, हे तुमच्यापुरते मांडतो. मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २.४ मिलिग्रॅमच्या साप्ताहिक इंजेक्शनाने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. मधुमेह असलेल्यांत तोच डोस, तेवढाच काळ देऊन ९.६ टक्के उतरले. मधुमेहात या औषधांनी वजन नेहमीच थोडे कमी उतरते, आणि हे आधीच माहीत असले तर नणंदेशी तुलना करून निराश होण्याची वेळ येत नाही. टर्झेपाटाइडच्या १५ मिलिग्रॅमच्या सर्वोच्च डोसाने ७२ आठवड्यांत मधुमेह नसलेल्यांत २०.९ टक्के आणि मधुमेह असलेल्यांत १४.७ टक्के घट झाली. तुमच्या ८८ किलोंवर ही टक्केवारी लावली तर सेमाग्लूटाइडच्या इंजेक्शनाने आठ-साडेआठ किलो, टर्झेपाटाइडच्या पूर्ण डोसाने बारा-तेरा किलो, आणि भारतात मधुमेहासाठी असलेल्या १४ मिलिग्रॅमच्या गोळीने, तिच्या चाचण्यांतल्या सहा महिन्यांच्या आकड्यांवरून पाहता, चार किलोंच्या आसपास घट अपेक्षित धरावी. हे सरासरीचे आकडे आहेत; कोणाला दुप्पट लाभ होतो, कोणाला जवळजवळ काहीच होत नाही.

गोळी म्हणून गोळी कमजोर असते, असा अर्थ यातून काढू नये. जास्त ताकदीच्या गोळ्यांची चाचणी झालेली आहे. रोज ५० मिलिग्रॅम सेमाग्लूटाइड तोंडाने देऊन ६८ आठवड्यांत १५.१ टक्के वजन उतरले, म्हणजे इंजेक्शनाच्या बरोबरीने. २५ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये वजनासाठी मान्यता मिळाली. ऑरफॉरग्लिप्रॉन नावाचे आणखी एक औषध आहे, जे प्रथिनांच्या जातीचे नसल्यामुळे उपाशीपोटी घेण्याची अट पाळावी लागत नाही. त्याच्या सर्वांत मोठ्या डोसाने ७२ आठवड्यांत ११.२ टक्के घट दिसली. तेव्हा पुढच्या काळात गोळीचे पारडे आजच्यापेक्षा जड होईल असे मला वाटते. पण अमेरिकेतल्या २५ मिलिग्रॅमच्या गोळीचा आकडा वाचून इथली ७ मिलिग्रॅमची गोळी घेणे आणि तेवढ्याच परिणामाची वाट पाहणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. आणि त्या आकड्याच्या मोहाने १४ मिलिग्रॅमच्या दोन-तीन गोळ्या एकदम गिळणे तर मुळीच करू नये.

आता त्या सकाळच्या अटीकडे येतो, कारण गोळी फसते ती बहुतेक वेळा तिथेच. रात्रभर पोट रिकामे राहिल्यावर, उठल्याबरोबर, अर्ध्या कपाहून जास्त नाही इतक्या, म्हणजे १२० मिलिलिटरपर्यंतच्या साध्या पाण्याबरोबर ही गोळी अख्खी गिळायची. चावायची नाही, तोडायची नाही. त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही, पेज नाही, दुसरे कोणतेही औषध नाही. पाणी जास्त प्यायले तरी शोषण घटते. आपल्याकडे चूल किंवा गॅस पेटतो तोच चहासाठी, आणि पुष्कळ घरांत बाईचा दिवस घोटभर कोऱ्या चहाशिवाय सुरूच होत नाही. ‘फक्त दोन घोट घेतले’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या पोटात त्या दिवशी औषध जवळजवळ गेलेलेच नसते, आणि पैसे मात्र पूर्ण खर्च झालेले असतात. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरावर पहाटेच्या लिलावासाठी तीन-चार वाजता घर सोडणाऱ्या भगिनींना मी ही गोळी सहसा सुचवत नाही. ज्यांची सकाळ ठरलेल्या वेळी, घरातच आणि शांतपणे सुरू होते, त्यांना ती चांगली जमते.

तुमच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नसला तरी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थायरॉक्सिनही उपाशीपोटीच घ्यायचे असते. दोन्ही गोळ्या एकत्र घेता येत नाहीत. आधी सेमाग्लूटाइड, अर्ध्या तासाने थायरॉक्सिन, आणि त्यानंतर पुन्हा अर्धा ते एक तास थांबून चहा, असा क्रम लावावा लागतो. म्हणजे उठल्यापासून तास-दीड तास पोट रिकामे. काही रुग्ण डॉक्टरांशी बोलून थायरॉक्सिन रात्री, जेवणानंतर तीन-चार तासांनी घेऊ लागतात आणि त्यांना ते सोयीचे जाते. पण एवढ्याने भागत नाही, कारण ही गोळी चालू असताना थायरॉक्सिनचे रक्तातले प्रमाण साधारण एक तृतीयांशाने वाढलेले आढळले आहे. म्हणून सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करणे आवश्यक ठरते.

कोकणातल्या हवेचाही या गोळीशी संबंध आहे. ती ओलाव्याने बिघडते, म्हणून घेण्याच्या क्षणापर्यंत तिच्या मूळ पट्टीतच ठेवावी लागते. आठवड्याच्या सगळ्या गोळ्या काढून प्लास्टिकच्या डबीत खणांप्रमाणे भरून ठेवण्याची सवय एरवी फार चांगली, पण जून ते सप्टेंबरमध्ये, मीठसुद्धा पाझरते अशा हवेत, या गोळीसाठी ती घातक आहे. पट्टी कापूनही ठेवू नका.

इंजेक्शनाच्या भीतीबद्दल बोलू. सुईचे चित्र मनात असते ते दवाखान्यातल्या, दंडात किंवा कुल्ल्यात घुसणाऱ्या मोठ्या सुईचे. ही इंजेक्शने बहुधा लिहिण्याच्या पेनासारख्या दिसणाऱ्या उपकरणातून घेतात. त्या पेनाची सुई सहसा चार मिलिमीटरची, केसासारखी बारीक असते आणि ती पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालच्या चरबीत जाते. स्नायूपर्यंत पोचतच नाही. सुईला घाबरणाऱ्या रुग्णाला मी दवाखान्यातच, औषध नसलेली सुई स्वतःच्या हाताने टोचून पाहायला लावतो, आणि बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो. ज्यांना सुई दिसताच भोवळ येते किंवा ज्यांचा थरकाप थांबतच नाही, अशी माणसेही असतात, आणि त्यांच्यासाठी गोळी हाच प्रामाणिक पर्याय आहे. वर्षभर भीत-भीत, चुकवत घेतलेल्या इंजेक्शनापेक्षा नियमाने घेतलेली कमी ताकदीची गोळी चांगली. पण ही भीती किती खोल आहे, हे टोचून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

टर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा ते छोट्या काचेच्या बाटलीत, म्हणजे वायलमध्ये आले. पेन त्यानंतर आले. वायल एका मात्रेची असते आणि तिच्यात जंतू वाढू न देणारे रसायन नसते. खर्च वाचवण्यासाठी एका मोठ्या डोसाच्या वायलमधून दोन-तीन आठवडे थोडे-थोडे औषध ओढणारे लोक आहेत, आणि ते शिकवणारे व्हिडिओही फिरतात. बुच टोचलेली बाटली आठवडाभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरणे म्हणजे जंतुसंसर्गाला बोलावणे आहे. परवडत नसेल तर डोस कमी ठेवा, औषध बदला, पण असे करू नका.

तुमचा विजेचा प्रश्न अगदी रास्त आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांतील कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती, आणि त्या काळात इन्शुलिन वापरणाऱ्यांचे जे हाल झाले ते आम्ही डॉक्टरांनी जवळून पाहिले. न उघडलेली ही इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. मात्र फ्रिज बंद पडताच औषध वाया गेले असे नसते. टर्झेपाटाइडची वायल ३० अंशांच्या आत असेल तर फ्रिजबाहेर एकूण २१ दिवसांपर्यंत चालते. सेमाग्लूटाइडचे वापरात असलेले पेनही ३० अंशांच्या आत काही आठवडे चालते, आणि नेमकी मुदत त्या-त्या कंपनीच्या पेनावरच्या माहितीपत्रात दिलेली असते. ती पेन घेतानाच वाचून कॅलेंडरवर लिहून ठेवावी. यातून निघणारी गोष्ट अनेकांना उलटी वाटते. किनाऱ्यावर भर पावसाळ्यात दुपारचे तापमान सहसा २८-३० अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे जुलैतला दोन दिवसांचा अंधार औषधाला फारसा बाधत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ३३ च्या पुढे जातो तेव्हा मात्र वीज गेल्यावर घराच्या पत्र्याखाली ठेवलेले पेन बिघडू शकते. त्या दिवसांत बर्फाच्या पिशव्या फ्रिजरमध्ये तयार ठेवा, आणि औषध त्यांना थेट न लागता, कापडात गुंडाळून थर्मासमध्ये किंवा थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. माठाजवळ किंवा ओल्या फडक्यात ठेवण्याचा उपाय देशावर चालतो. आपल्या दमट हवेत पाणी हळू सुकते, त्यामुळे पुरेसा थंडावा मिळत नाही.

उष्णतेइतकीच गोठण्याचीही काळजी घ्यायची असते, आणि ती कोणी सांगत नाही. एकदा गोठलेले औषध वितळल्यावर स्वच्छ दिसले तरी टाकून द्यावे लागते. म्हणून फ्रिजमध्ये ते बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. आठ-दहा दिवस समुद्रावर जाणाऱ्या खलाशांना मी बजावून सांगतो, की मासळीच्या बर्फात पेन ठेवायचे नाही. आठवड्याच्या इंजेक्शनाचा वार असा ठरवायचा, की निघण्याच्या आदल्या दिवशी मात्रा होईल आणि पेन घरीच राहील. एखादी मात्रा चुकली तर टर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत घेता येते. सेमाग्लूटाइड पुढची मात्रा दोन दिवसांहून दूर असेल तर घेता येते. नाहीतर ती मात्रा सोडून ठरलेल्या वारी पुढची घ्यायची. सलग दोन-तीन आठवडे खंड पडला तर पूर्वीच्याच मोठ्या डोसावर परत जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, कारण उलट्यांचा त्रास त्या वेळी जोरात होतो. खरेदी करतानाही लक्ष द्या. मुंबईहून किंवा कोल्हापूरहून औषध आणायचे झाले तर ते थंड पिशवीतून आले का, हे महत्त्वाचे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर पडलेले पार्सल स्वीकारू नका. ज्या दुकानात जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर चालणारा औषधांचा फ्रिज आहे, त्याच दुकानातून घ्या आणि बिल मागा.

खर्चाचे चित्र झपाट्याने बदलते आहे, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो. भारतात आले तेव्हा टर्झेपाटाइडच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका वायलची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. वजनासाठीच्या सेमाग्लूटाइडच्या मूळ इंजेक्शनाचा सुरुवातीचा डोस जून २०२५ मध्ये महिन्याला १७,३४५ रुपयांना आला आणि नोव्हेंबरमध्ये तो १०,८५० रुपयांपर्यंत उतरवला गेला. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लूटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत संपली, आणि भारतीय कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी झाली. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीच्या बाबतीत २०२० नंतर असेच झाले होते आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तेव्हा आज परवडत नाही म्हणून कर्ज काढू नका, आणि आंब्याचे पैसे आले म्हणून तीन महिने घेऊन सोडूनही देऊ नका. सेमाग्लूटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत चढल्याचे पाहणीत दिसले आहे. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब जसा पुन्हा वर येतो, तसेच हे आहे. वर्षाचा खर्च मांडा, महिन्याचा नको.

त्रासांच्या बाबतीत गोळी आणि इंजेक्शन यांच्यात फारसा फरक नाही, कारण औषध एकच आहे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब, करपट ढेकर हे त्रास पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस वाढवताना होतात. म्हणूनच डोस पायरीपायरीने वाढवतात. सेमाग्लूटाइडचे इंजेक्शन ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून पूर्ण डोसापर्यंत पोचायला चार महिने लागतात. घाई करू नये. ताटात भात निम्मा घ्या, हळू जेवा, आणि तळलेली सुरमई व नारळाचे दाट वाटण एकाच जेवणात नको. गणपतीत एका बैठकीत पाच मोदक खाण्याची सवय असेल, तर त्या दिवशी उलटी ठरलेलीच समजा. उन्हाळ्यात घाम खूप जातो; त्यात उलट्या-जुलाब झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून पाणी, ताक, पातळ पेज चालू ठेवा. पोटात तीव्र, पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आली तर ती स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते, आणि उजव्या बरगडीखाली दुखले तर पित्ताशयातल्या खड्यांची. अशा वेळी सकाळच्या एसटीची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर हे औषध चालू आहे हे आधी सांगा, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.

ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला आहे, त्यांनी ही औषधे घेऊ नयेत. तुमचा थायरॉइड मंदावलेला आहे, ती वेगळी गोष्ट आहे. तिच्यामुळे मनाई होत नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लूटाइड दोन महिने आणि टर्झेपाटाइड एक महिना आधी थांबवावे लागते, आणि टर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, हे वाचणाऱ्या तरुण भगिनींनी लक्षात ठेवावे.

वजनाबरोबर स्नायूही उतरतात, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. उतरलेल्या वजनाचा पाव ते दोन पंचमांश भाग चरबीचा नसून स्नायू आणि इतर ऊतींचा असू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या बाईला तो परवडत नाही. भूक कमी झाली की लोक मासे सोडतात आणि चहा-बिस्किटांवर राहतात. नेमके उलट करायला हवे. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, वालाचे बिरडे, मोड आलेली मटकी आधी खा आणि भात शेवटी. शाकाहारी असाल तर दही-ताक आणि डाळी वाढवा. आठवड्यातून दोन-तीनदा जोर लावणारा व्यायाम करा. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे यानेही सुरुवात होते.

आता तुमच्यापुरता निर्णय. तुमचा बीएमआय, तुमची साखर आणि थायरॉक्सिनचा गुंता पाहता मी साप्ताहिक इंजेक्शनाकडे झुकतो. खिसा परवानगी देत असेल तर टर्झेपाटाइड, आणि नसेल तर भारतीय कंपनीचे, योग्य परवान्याचे सेमाग्लूटाइड. सुई खरोखरच जमली नाही, तर १४ मिलिग्रॅमपर्यंत नेलेली गोळी घ्या. साखरेवर तिचा परिणाम चांगला होईल आणि वजन चार किलोंच्या आसपास उतरेल, एवढीच अपेक्षा ठेवा. दोन्ही परवडत नसतील तरी हाती काहीच नाही असे समजू नका. ग्लिमेपिराइड स्वतःच वजन वाढवते. त्याच्या जागी डापाग्लिफ्लोझिनसारखी स्वस्त गोळी बसवता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण तिने वजन दोन-तीन किलो उतरते आणि हृदय व मूत्रपिंडालाही आधार मिळतो.

सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी करून घ्या. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा पडदा तपासा, कारण आधीपासून मधुमेही दृष्टिपटलदोष असेल आणि साखर झपाट्याने उतरली, तर तो काही काळ बळावू शकतो. सेमाग्लूटाइडच्या २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत हे दिसले होते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि टीएसएच तपासा. आणि पहिल्या मात्रेच्या दिवसापासून ग्लिमेपिराइड किती कमी करायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. भूक कमी, जेवण कमी आणि ग्लिमेपिराइड पूर्वीइतकेच, असे झाले की साखर एकदम उतरून चक्कर, घाम, थरथर सुरू होते. श्रावणातले सोमवार आणि शनिवार धरत असाल तर हे अधिकच जपायला हवे.

आणि मधल्या काळात नणंदबाई भेटायला आल्या आणि ‘माझ्यातली एक मात्रा घेऊन बघ’ म्हणाल्या, तर घेऊ नका. सुई नवी लावली तरी पेनातल्या औषधात आधीच्या माणसाचे रक्त अंशाने परत गेलेले असू शकते, आणि त्यांच्या पेनातला डोस पहिल्या मात्रेसाठी तुम्हाला झेपणारा नसेल.